मदत हवी आहे: जे सिद्ध झालं, त्यावर श्रद्धा कशी ठेवायची? (थॉमस अक्वायनस)

मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्ववेत्ता अक्वायनसचा ‘सुम्मा थिऑलॉजिए’ हा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ वाचताना एका जागी अडलंय. त्याच्या मते देवाचं अस्तित्व तर्काने सिद्ध होतं (भाग 1, प्रश्न 2), त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) होत नाही. ते ओढूनताणून सिद्ध करायला गेलं तर श्रद्धेचंच हसं होतं (प्रश्न 32). हा इशारा फार मोलाचा आहे. पण दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात (प्रश्न 1, कलम 5) अक्वायनस म्हणतो, एकाच माणसाला एकच गोष्ट ज्ञातही आणि श्रद्धेचीही असू शकत नाही. मग ज्याला सिद्धता पटली, त्याने बायबलमधल्या इब्री 11:6 प्रमाणे ‘देव आहे’ असा विश्वास कसा धरायचा? तिथलंच प्रश्न 2, कलम 10 पाहिलं. ते सिद्धतेमुळे देवावरची प्रीती उणावत नाही एवढंच सांगतं. पास्कल, कीर्कगार्ड असे नंतरचे तत्त्ववेत्ते नकोत, उत्तर अक्वायनसच्याच चौकटीतलं हवं. त्याच प्रश्न 2 च्या कलम 2 मध्ये, तिसऱ्या आक्षेपाला दिलेल्या उत्तरात, श्रद्धेबाहेरचे लोक श्रद्धेला अभिप्रेत असलेल्या अर्थाने देव मानत नाहीत, असं आहे. पेच त्यानेच सुटतो का?