फील्ड टेस्टला बसलात कधी? काय काय झालं ते लिहा

परवा माझी पहिली फील्ड टेस्ट झाली, म्हणजे समोर बघताना कडेकडेचं कुठवर दिसतं त्याची तपासणी. डोळ्याचं प्रेशर जरा जास्त आलं म्हणून काचबिंदूची शंका. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, समोर पांढरा वाडगा आणि मधोमध पिवळा दिवा, दिव्याकडेच बघायचं आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं, बास. पण मधेच इतका वेळ काही दिसेचना की वाटलं, गेला डोळा! मग अंदाजपंचे दाबत सुटले. रिपोर्ट म्हणे भरवशाचा नाही, परत बोलावलंय. तुमचंही असंच झालं का? घरच्यांचे अनुभव असतील तर तेही लिहा.

बटणवाली
मी ही टेस्ट रोज घेते, त्यामुळे खुर्चीच्या पलीकडचा अनुभव. अहो, न दिसणारे ठिपके मुद्दाम दाखवतात! मशीन एकेका जागी ठिपका उजळ-मंद करत बघतं की तुम्हाला जेमतेम दिसणारा उजेड कुठला, म्हणजे नजर उत्तम असली तरी बरेचसे ठिपके हुकणारच. ठिपका असतो जेमतेम ०.२ सेकंद, डोळा वळवेपर्यंत गेलेला. नेहमीच्या, '२४-२' नावाच्या टेस्टमध्ये ५४ जागा तपासतात. आणि मशीन लबाड आहे बरं का, मधूनच तुमच्या अंधबिंदूवर, म्हणजे डोळ्याला मुळातच काही दिसत नाही त्या जागी, ठिपका टाकतं, तिथे बटण दाबलंत की कळतं डोळा हलला. अंदाजपंचे दाबणाऱ्यांच्या रिपोर्टवर पांढरेफेक डाग येतात, म्हणजे माणसाला दिसूच शकत नाही इतकं मंदही यांना दिसलं! पहिली टेस्ट बिघडणं अगदी कॉमन, दुसरी-तिसरी बरीच सुधारते.

अर्धवटराव
माझ्या रिपोर्टमध्ये वरचा सगळा भाग काळा. दोन रात्री झोप नाही. दुसऱ्यांदा टेस्ट घेताना तिथल्या बाईंनी वरची पापणी चिकटपट्टीने वर चिकटवली आणि काळं गायब! पापणी उतरलीये माझी, डोळा ठणठणीत.

खिडकीपाशी
बाबांना स्ट्रोक येऊन गेला, हातपाय ठीक, बोलणं ठीक, पण घरात डाव्या बाजूला चौकटीवर खांदा आपटायचे. म्हणायचे डावा डोळा गेला. डॉक्टर समोर बसले, बाबांना डावा डोळा झाकायला लावला, स्वतःचा उजवा झाकला आणि आपल्या नाकाकडे बघायला सांगून दोन्हीकडे बोटं हलवली. बाबांना त्यांच्या डावीकडचं बोट दिसलंच नाही, आणि डोळा तर उजवा उघडा होता! तेव्हा मला समजलं की डोळे दोन्ही चांगले आहेत, मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी बाजू जाते. मशीनवरही दोन्ही चित्रांत डावा अर्धा काळा. आता वाचताना ओळीच्या सुरुवातीला डावं बोट ठेवतात आणि बोट सापडेपर्यंत मान वळवतात, तेवढ्याने पेपर वाचून होतो.

सहा वर्षं थेंब
काचबिंदूवाला मी. लोक विचारतात काळं दिसतं का. नाही हो, काहीच "दिसत" नाही, मेंदू आजूबाजूचा रंग ओढून भोक बुजवून टाकतो. पटत नसेल तर कागदावर ८ सेंमी अंतरावर दोन फुल्या काढा, डावा डोळा मिटा, उजव्याने डावीकडची फुली बघत कागद साधारण ३० सेंमीवर आणून थोडा मागेपुढे करा. उजवी फुली गुल, आणि तिथे कोरा कागद! हा अंधबिंदू सगळ्यांनाच असतो, नजरेच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला साधारण १५ अंशांवर, तिथून नस निघते म्हणून. माझी भोकं जास्त आहेत एवढंच. एका डोळ्याला बाहेरच्या बाजूला ९० अंशांच्याही पलीकडचं दिसतं, नाकाकडे ६०च्या आसपास, आणि माझी सुरुवात नाकाकडूनच झाली, तिथलं दुसरा डोळा भरून काढतो म्हणून पत्ताच लागला नाही. अक्षरांचा तक्ता तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होतो!

नवा चष्मा
माझ्या वहिनीचं उलटं, दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू कमी. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेली आणि फील्ड बघून डॉक्टरांनी थेट एमआरआय सांगितला. पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ, जिथे दोन डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात तिथे खालून दाबत होती. ऑपरेशननंतर बरंच परत आलंय.

अर्धवटराव
बटणवाली ताई, एक विचारू का? डोळ्यातून पाणी येतं, पापणी लवते, तेव्हा ठिपका गेला तर?

बटणवाली
लवू द्या की! बटण दाबल्या क्षणी लवायची सवय ठेवा. आणि फारच दमलात तर बटण दाबूनच धरा, टेस्ट थांबते, सोडलंत की पुढे सुरू.

धागाकर्ती: थांबते??? आणि मी घाम पुसायलासुद्धा हात उचलला नाही!