माळवदाच्या घरातला अंधार एचिंगमधी कसा आणायचा? (हॉपरचं 'ईस्ट साइड इंटीरिअर')

तेरणाकाठ:
मी धाराशिवकडचा, सध्या संभाजीनगरला चित्रकला शिकायलोय. एडवर्ड हॉपर ह्या अमेरिकन चित्रकाराचं 'ईस्ट साइड इंटीरिअर' हे १९२२ चं एचिंग (लेप दिलेल्या धातूच्या प्लेटवर सुईनं रेघा ओढायच्या, ऍसिडनं त्या खोल करायच्या आणि शाई भरून छापायचं) बघितल्यापासून डोक्यातून जाईना झालंय. एक बाई शिलाई मशीनपाशी बसलीय, हातातलं काम सोडून खिडकीबाहेर बघायलीय, बस. बाकी खोली अंधारात. मला तसंच आमच्या आज्जीचं करायचंय, माळवदाच्या घरात सवण्यातनं (छतातल्या झरोक्यातनं) वरनं उजेड पडतो तिथं बसून ती वाती वळत असती. पण अंधार करायला गेलो की सगळी प्लेट काळीकुट्ट होती, खांब बी दिसंना कोनाडा बी दिसंना, आणि कमी केलं की अंगणात बसवल्यावाणी वाटायलंय. वर वर्गात सगळे विचारायलेत की ह्यात गोष्ट काय, म्हातारी नुसती बसलीय. काही घडलंच पाहिजे का चित्रात?

शाई_आणि_प्रेस:
ते प्रिंट मोठं करून बघ भाऊ, सपाट काळं कुठं सापडतंय का. नाय सापडणार. सगळा अंधार रेघांवर रेघा मारून केलेला आहे आणि रेघांच्या मधल्या फटीतनं कागद दिसत राहतो, म्हणून त्या अंधारात हवा वाटती. तू बहुतेक एकदाच लांब बाइट द्यायलास, म्हणजे प्लेट ऍसिडमधी लई वेळ ठेवायलास. टप्प्यानं कर. आधी सगळ्या रेघांना थोडा बाइट, मग प्लेट धुवून वाळवून उजेडाजवळच्या रेघा व्हार्निशनं झाकून टाक, परत ऍसिडमधी, मग आज्जीच्या मागची भिंत झाक, परत ऍसिड, असं करत करत शेवटी फक्त कोपऱ्यातल्या रेघा उघड्या राहिल्या पाहिजेत. आणि सवण्याच्या उजेडाचा पट्टा पूर्ण कोरा ठेव, तिथं निडल टेकवूच नको. 'इव्हिनिंग विंड' (१९२१) बघ, वाऱ्यानं पडदा आत आलाय आणि खिडकीबाहेर एक रेघ नाय, नुसता कागद. छपाई बी महत्त्वाची आहे, हॉपर स्वतःच्या प्रेसवर स्वतः छापायचा, मिळेल ती सगळ्यात काळी शाई आणि सगळ्यात पांढरा कागद हुडकायचा. पिवळट कागदावर तुझा उजेड मरणार.

गोदावरी_नांदेड:
मला तर त्या चित्रात गोष्टच दिसती. न्यूयॉर्कची ईस्ट साइड म्हणजे तेव्हा बाहेरदेशातून आलेल्या गरीब लोकांची दाट वस्ती, घरोघरी शिवणकाम चालायचं. ती बाई थकलीय. एवढं साधं आहे ते.

बीडची_चित्रवेडी:
ताई, थकलेली वाटती हे खरं, पण हॉपरनं स्वतःच पुढं सांगितलंय की त्या भागातून चालताना रस्त्यावरून ज्या खोल्या ओझरत्या दिसल्या त्यांच्या आठवणीतून हे केलं, गरिबांबद्दल काही म्हणायचं नव्हतं, त्याला ती खोलीच हवी होती. मला हे फार पटतं. माणूस काही करत नसला तरी खोली करायलीय ना, उजेड कुठून आला कुठं थांबला, हेच घडतंय तिथं. आणि ह्याच प्रिंटला १९२३ ला शिकागोला बक्षीस मिळालं. तेव्हा त्याची परिस्थिती बघा, १९१३ ला एक तैलचित्र विकलं गेलं, त्याच्यानंतर दहा वर्षं एकबी पेंटिंग विकलं नाय, पोटासाठी मासिकांची चित्रं काढायचा. १९१५ ला एचिंग सुरू केलं आणि त्याच्यातूनच आपली पेंटिंग ठरत गेली असं तोच म्हणायचा. तेरणाकाठ, आज्जीच्या तोंडावर भाव काढत बसू नको, तिची पाठ आणि वाकलेली मान नीट बसली की झालं.

तेरणाकाठ:
खूप धन्यवाद, पाठीचं डोक्यातच आलं नव्हतं. एकच विचारतो, प्लेट झिंकची आहे. नायट्रिकचा वास सहन होईना, फेरिक क्लोराइड चालंल का? इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळायलंय.

शाई_आणि_प्रेस:
फेरिक तांब्याला छान, झिंकला नको, तापतंय आणि बुडबुडे येऊन रेघा खराब होत्यात. झिंकला मोरचूद आणि मिठाचं पाणी वापर, नायट्रिकसारखा धूर नाय, फक्त लालसर गाळ साचतो तो मऊ ब्रशनं काढत राहा. नायट्रिकच वापरलंस तर खिडक्या सगळ्या उघड्या ठेव, हातमोजे घाल, आणि पाण्यात ऍसिड ओतायचं, ऍसिडमधी पाणी कधीच नाय. पहिला प्रूफ (चाचणीचा छाप) निघाला की इथं टाक.