स्लो कुकर शाकाहारी स्वयंपाकाला खरंच उपयोगी पडतो का? (मदत हवी आहे)

घणसोलीकरीण

नमस्कार मंडळी. नणंद अमेरिकेतलं बिऱ्हाड आवरून परत आली आणि तिच्या सामानातला एक स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) आमच्या ओट्यावर येऊन बसलाय. लंबगोल, आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण आणि एकच बटण: बंद, लो, हाय, वॉर्म. पावणेचार लिटरचा आहे. ती त्यात मटण करायची. आमच्याकडे पूर्ण शाकाहार, त्यामुळे सासूबाईंचा पहिला प्रश्न, "वास गेलाय ना त्याचा?" तीनदा लिंबू आणि सोडा लावून घासल्यावर स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला.

अडचण अशी की मी सकाळी पावणेआठला निघते. ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. घरी यायला साडेसात होतात. सासूबाई दिवसभर घरी असतात, पण त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, शिट्ट्या मोजणं होत नाही. दोनदा कुकर कोरडा पडून डाळीचा कोळसा झाला, एकदा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. तेव्हापासून मीच त्यांना कुकर लावू देत नाही. म्हणून वाटलं, शिट्टी नसलेलं भांडं बरं.

पहिल्या दिवशी काळ्या हरभऱ्याची उसळ. रात्री भिजवले, सकाळी कांदा, टोमॅटो, चिंचेचा कोळ, गोडा मसाला सगळं एकदम टाकून लोवर ठेवलं. संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पडले तोच वास आला, म्हटलं जमलं! डाव घातला तर हरभरे भांड्यावर टणटण वाजले. पावणेबारा तासांनी! टोमॅटोची सालं गुंडाळ्या होऊन वर तरंगत होती. मसाल्याचा वास सगळा जिन्यात गेलेला, उसळीत काही उरला नव्हता. रात्री नऊला तेच प्रेशर कुकरमध्ये घालून पाच शिट्ट्या काढल्या.

दुसऱ्यांदा दुधी केला. त्याचं पाणी पाणी झालं. "कोणी आजारी आहे का?" इति सासूबाई.

तर हरभरे का शिजले नाहीत? शाकाहारात हे यंत्र चालतं तरी कशाला? दिवसभर चालू ठेवून वीज किती जाते? रविवारी राजमा करायचा विचार आहे. तोही फसला तर नणंदेला साभार परत.

आंबटगोड

हरभरे चिंचेने आणि टोमॅटोने अडवले. आंबटात कडधान्य मऊ होत नाही, कारण त्याला धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात विरघळत नाही. प्रेशर कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास उष्णता असते, तिथे ही चूक खपून जाते. स्लो कुकर फार तर उकळीच्या जवळ पोचतो, तोही काही तासांनी. तिथे खपत नाही.

आधी फक्त भिजवलेले हरभरे, पाणी, हळद, मीठ. (मिठाने कडधान्य शिजत नाही हा समज आहे, मी पहिल्यापासून घालते.) चिंच, टोमॅटो, आमसूल सगळं शिजल्यावर. तुमच्याकडचं पाणी जड असेल तर चिमूटभर सोडा.

कोपरीकर

ताई, रविवारचा राजमा आधी थांबवा!

कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते खळखळून उकळल्यावरच निकामी होतं. ८० अंशांच्या आसपास नुसता गरम होत राहिला तर विष कमी होण्याऐवजी वाढू शकतं. चार-पाच अर्धकच्चे दाणे पोटात गेले तरी तीन तासांच्या आत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. बरं, दाणा मऊ लागला म्हणजे सुटलो असंही नाही.

रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटं खळखळ उकळा (मी अर्धा तास उकळतो), मगच स्लो कुकरमध्ये. दाल मखनीतल्या मूठभर राजम्यालाही हेच. प्रेशर कुकरच्या राजम्याला ही भीती नाही, म्हणून आपल्याकडे कोणी हे बोलत नाही.

दुसरं, कुकर अमेरिकेतला आहे तर १२० व्होल्टचा असणार. आपल्या २३० मध्ये थेट लावला नाहीत ना?

घणसोलीकरीण

बापरे. राजमा रद्द!

थेट नाही लावला, नणंदेने लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणलाय, ५०० वॉटचा. कुकरच्या बुडाला २४० वॉट लिहिलंय.

कोपरीकर

मग ठीक. थेट लावला असता तर जवळजवळ चौपट वीज खेचून जळला असता. २४० वॉट आठ तास म्हणजे जेमतेम दोन युनिट, वर ट्रान्सफॉर्मर थोडी खातो. पैशात बचत म्हणाल तर नाही. पाइपच्या गॅसवर वीस मिनिटांचा प्रेशर कुकर स्वस्तच पडेल. ट्रान्सफॉर्मर भिंतीला चिकटवू नका, गरम होतो.

वीज गेली तर सासूबाईंना फक्त वेळ लिहून ठेवायला सांगा. दोन तासांपेक्षा जास्त गेली असेल तर ते अन्न टाकायचं, जीव तुटला तरी.

वालपापडी

माझ्याकडे सहा वर्षं आहे, आमचीही माळकरी मंडळी. गंमत म्हणजे हे यंत्र मुळात मटणाचं नाहीच. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सनने १९४० मध्ये पेटंट मिळवलं, त्याच्या आईच्या माहेरी लिथुआनियात शब्बाथसाठी (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) रात्रभर मंद भट्टीत कडधान्याचं कालवण ठेवायचे, तिने सांगितलेल्या त्या आठवणीवरून. विकताना नाव होतं 'बीनरी', म्हणजे चक्क घेवड्या-पावट्यांच्या कामाचं भांडं. पुढे दुसऱ्या कंपनीने ते विकत घेऊन १९७१ मध्ये क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं.

भाज्यांची आशा सोडा. दुधी, भेंडी, पालेभाजी यांना दहा मिनिटं लागतात, त्यांना आठ तास कोंडून काय मिळणार? आतली वाफ बाहेर जात नाही, म्हणून दुधीचं पाणी पाणी. आख्खे उडीद मात्र करून बघा. आठ तासांनी आपसूक दाटपणा येतो, तो शिट्ट्यांनी येत नाही. छोले, आख्खे मसूर, खपली गव्हाची खीर (गूळ आणि नारळाचं दूध शेवटी) हेही छान होतं. पाणी प्रेशर कुकरइतकंच बेताचं.

फोडणी शेवटी, वरून, चरचरीत. गोडा मसालाही तिच्यासोबत. आणि सासूबाईंना सांगा, झाकण उघडून बघायचं नाही. दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं मागे जातं.

तिघांपुरतं करायचं तर मोठ्या भांड्यात तळाला दोन बोटं पाणी घालून त्यात स्टीलचा डबा ठेवा, कडेला करपत नाही.

घणसोलीकरीण

आज पुन्हा हरभरे. नुसते हळद-मीठ, चिंच नाही. सकाळी निघताना हायवर लावले. दुपारी दोनला फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, "उघडून बघितलं नाही हं, काचेतून बघितलं." मी घरी आल्यावर त्यांनीच एक दाणा काढला, अंगठा आणि बोटात धरून दाबला, त्याचं पीठ झालं. मग चिंच, गूळ, मसाला घालून पंधरा मिनिटं, आणि वरून हिंग-कढीपत्त्याची फोडणी. दोन वेळा वाढून घेतली. "मटणाच्या भांड्यातली" असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

कुकर राहतोय. फक्त तो ट्रान्सफॉर्मर रविवारी दिवसभर घूं घूं करणार, आणि घरात ते ऐकू येणारी मी एकटीच.