शालेय कबड्डी: पालकांना बाजूच्या रेषेवरून हटवा

निदानरेषा (कराड):
शालेय स्पर्धा आल्या की पंचांच्या अंगावर धावणाऱ्या पालकांचा विषय निघतो आणि सभ्यपणाच्या प्रवचनात संपतो. मला त्यात रस नाही. कबड्डीच्या पंचाला डोळ्यांइतकाच कान लागतो, मुद्दा तो आहे. समोरच्या अंगणात शिरण्याआधी दम, म्हणजे एका श्वासात सलग ‘कबड्डी कबड्डी’ म्हणणं, सुरू व्हायला हवा. उशीर झाला तर पंच चढाईपटूला परत पाठवतो आणि गुण समोरच्याला मिळतो. आत दम तुटला तर चढाईपटू बाद. आता पकडीच्या ढिगाखाली १३ वर्षांचं पोरगं ‘कबड्डी कबड्डी’ पुटपुटतंय आणि लॉबीला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याला, चिकटून चाळीस जण ‘धर, सोडू नको’ करताहेत. दोन हातांवरच्या पंचालाही काही ऐकू येत नाही. मग तो अंदाजाने शिट्टी मारतो, आणि त्या अंदाजावरून त्याचीच आई-बहीण निघते. बाजूच्या दोन्ही रेषा मोकळ्या ठेवा. पालक सगळे अंतिम रेषेमागे, पाच मीटरवर, दोराच्या पलीकडे.

वारणाकाठ (शिराळा):
दोर बांधून आवाज अडतो व्हय? आधी पंचांचं बघा. कागदावर सरपंच म्हणजे मुख्य पंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक. तालुक्याच्या मैदानावर मात्र बऱ्याचदा एक शिट्टीवाला आणि वही घेतलेलं एक पोरगं. तो शिट्टीवालाही स्पर्धेत उतरलेल्याच एखाद्या शाळेचा क्रीडाशिक्षक. सामने बाद पद्धतीचे, म्हणजे एक निर्णय चुकला की पोराचं वर्ष गेलं. तालुका, जिल्हा, कोल्हापूर विभाग, मग राज्य, आणि दहावीचे सवलतीचे गुण त्याच वाटेवर. लेखी हरकत संघव्यवस्थापकानेच घ्यायची. तो त्याच शिक्षकांच्या बैठकीत बसणारा, तो कशाला वाईटपणा घेईल? पालकाकडे उरतं तोंड.

फक्की (विटा):
पंच कमी पडतात, मान्य. पण ज्यावरून पालक ओरडतात ते बऱ्याचदा नियमाप्रमाणे बरोबर असतं. बोनसचंच उदाहरण घ्या, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकल्याचा जादा गुण. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस. एक पाऊल रेषेपलीकडे टेकलेलं आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत. मागच्या पायाचा चवडा जमिनीला लागलेला असेल तर बोनस नाही. हे फक्त बोनस रेषेच्या सरळ रेषेत, बाजूला उभ्या माणसाला नीट दिसतं. मागून किंवा कोपऱ्यातून पाऊल आणि रेषा एकमेकांत मिसळतात. मोबाईलवर काढलेला व्हिडिओ नाचवणारे बहुतेक कोपऱ्यातच असतात.

दुसरं, बोनस घेऊन पकडला गेला तर चढाईच्या संघाला एक आणि पकडणाऱ्यांनाही एक. ‘पकडला तरी गुण कसा?’ हा आरडाओरडा दर सामन्यात ठरलेला. तिसरं म्हणजे लॉबी. झटापट होण्याआधी तिथे पाय पडला तर खेळाडू बाद, झटापटीनंतर तीच लॉबी मैदानात धरली जाते. एकाच जागी पडलेल्या पावलाला दोन निकाल लागले की पालकाला तो पक्षपात वाटतो.

वारणाकाठ:
मग अंतिम रेषेमागे ढकलल्यावर पालकाला बोनस आणखीच दिसणार नाही. संशय वाढेल का कमी होईल?

निदानरेषा:
न दिसलेल्यावर भांडू नये, एवढीच अपेक्षा.

वारणाकाठ:
अपेक्षेवर मैदान चालत नाही, भाऊ.

जावळीकर (मेढा):
पालक आवरेना तर त्याच्या संघाला कार्ड द्या, असं आता कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच विरोध नोंदवतो. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. ही खेळाडू आणि प्रशिक्षकांसाठी आहेत. बापाच्या तोंडाची शिक्षा पोराला का? सरपंचाने घड्याळ थांबवावं, दोन्ही व्यवस्थापकांना बोलवावं आणि तो माणूस दोराबाहेर जाईपर्यंत चढाई सुरू करू नये. सगळं मैदान त्याच्याकडे बघायला लागलं की पुरे होतं.

फक्की:
आणि एकच पंच असेल तर तो मध्यरेषेवर खिळून उभा राहतो, ते चुकतं. चढाईबरोबर त्याने बोनस रेषेपर्यंत सरकायला हवं. मातीच्या मैदानावर तिसऱ्या सामन्यापर्यंत रेषा पुसतात, सहा सात ठिकाणी तर अंदाजच उरतो. दर सामन्याआधी निदान रेषेवर (चढाईत ओलांडायची ती रेषा) आणि बोनस रेषेवर पुन्हा चुन्याची फक्की मारायला पाच मिनिटं लागतात. तेवढीही कुणी काढत नाही.

शिवाय गुण वहीत दडलेले. पालकाला गुण कळतात ते थेट मध्यंतरात, तेही दुसऱ्याच्या तोंडून. प्रत्येक चढाईनंतर फळ्यावर दोन आकडे लिहिले तर चूक तिथल्या तिथे पकडता येते, सामना संपल्यावर वही ओढायची वेळ येत नाही.

वारणाकाठ:
फळ्याला होकार. बाहेरच्या तालुक्याचे पंच आणले तर दोराचंही बघू.