दोन भाऊ, दोन आडनावं

नॉर्वेतून येऊन अमेरिकेतल्या डाकोटात शेजारी-शेजारी जमीन घेतलेल्या दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी कशी, असं एकाने विचारलंय. यात लपवाछपवी काही नाही. नॉर्वेत तेव्हा स्वतःचं नाव, मग बापाचं, मग शेतवाडीचं. लार्सचा मुलगा ओले, वाडी हाउगेन. अमेरिकेत एक भाऊ लार्सन झाला, दुसरा हाउगेन. नॉर्वेत वाडी बदलली की नावही बदलायचं, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटत नसे.

अशा पूर्वजांचा शोध जमिनीच्या कागदांपासून सुरू करा, हे मी अगदी कळकळीने सांगते. १८६२च्या होमस्टेड कायद्याने, म्हणजे कसणाऱ्यांना सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याने, १६० एकर मिळत, पण पाच वर्षं राहून, कसून दाखवावी लागे. शेवटी साक्षीदारांसह जबानी व्हायची: घर किती फुटांचं, विहीर आहे का, किती एकर नांगरली. परदेशातून आलेल्यांचे नागरिकत्वाचे कागदही त्याच फायलीत असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून ती फाइल मागवता येते.

आणि घरात नॉर्वेहून आलेली जुनी रंगवलेली लाकडी पेटी असेल तर तिच्यावरचं नाव नीट वाचा. वाडीचं नाव कधीकधी तिथेच सापडतं.