मदत हवी आहे : कालिंदी खाल, आणि दोर नेमका कुठे असावा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी गंगोत्रीहून कालिंदी खाल या खिंडीतून बद्रीनाथला जायचं चाललंय. आम्ही चौघं आहोत. वाचून, विचारून बरीच माहिती जमवली आहे, पण एका प्रश्नाशी गाडी अडली आहे आणि तो सुटेपर्यंत मी आगाऊ रक्कम भरणार नाही. ज्यांनी हिमनदीवर स्वतः दोर बांधून चाल केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

आधी आमच्याविषयी. मी (वय ४१), माझा धाकटा भाऊ, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, आणि आमच्या ग्रुपमधले सगळ्यांचे काका, वय ५६. काकांनी उमेदीच्या काळात सह्याद्रीतले पुष्कळ सुळके केले आहेत. लिंगाण्यावर मला पहिल्यांदा दोर त्यांनीच बांधला. हिमालयात आमचा रूपिन पास झाला, २०१८ मध्ये स्टोक कांगडी शिखर झालं (तेव्हा ते चढाईसाठी खुलं होतं) आणि दोन वर्षांपूर्वी पिन पार्वती. म्हणजे ५,३०० मीटरची खिंड पाठीशी आहे, पण कालिंदी ५,९०० च्या वर जाते. मधला फरक नुसता सहाशे मीटरांचा नाही, हे कळतंय.

आता पिन पार्वतीवर काय झालं ते. खिंड ओलांडून पिनच्या बाजूला उतरत होतो. सकाळचे दहा वाजून गेले होते, ऊन चढलं होतं, बर्फ मऊ पडायला लागला होता. पुढच्या माणसाच्या पावलात पाऊल टाकत भाऊ माझ्यापुढे चालला होता, आणि एका क्षणी तो कमरेपर्यंत आत गेला. सॅक कडेला अडकली म्हणून तिथेच थांबला. पाय खाली मोकळे लटकत होते. मी आणि त्याचा मित्र पोटावर आडवे झालो, त्याचे दंड धरले आणि ओढून काढलं. ज्या भोकातून तो बाहेर आला त्यात मी डोकावले. निळसर, आणि मग काळं. तळ दिसला नाही.

दोर आणला होता. तो एका पोर्टरच्या ओझ्यात होता आणि पोर्टर पाऊण तास पुढे, कॅम्पच्या वाटेवर होता.

मी गाईडला दोष देऊन मोकळी होत नाही. निघताना ‘दोर आहे ना?’ एवढंच आम्ही विचारलं होतं, ‘तो बांधणार कधी?’ हे विचारलंच नाही. सुळक्यावर काका आम्हाला बिलेशिवाय (खालून दुसऱ्याने दोर सांभाळल्याशिवाय) एक हात वर जाऊ देत नाहीत, आणि तीच आम्ही माणसं बर्फावर मोकळी चाललो होतो, कारण जमीन सपाट दिसत होती.

कालिंदीसाठी आतापर्यंत तीन ठिकाणी बोलणी केली. तिन्हीकडे उत्तर जवळपास एकच : ‘मॅडम, काळजी करू नका, गरज पडली तर दोर लावतो.’ झाकलेल्या हिमभेगेवर गरज पडली हे कळतं कधी, तर माणूस आत गेल्यावर. म्हणून माझा मुख्य प्रश्न असा की चतुरंगी बामकच्या (हिमनदीच्या) वरच्या भागापासून खिंडीपलीकडच्या राजा पडाव या मुक्कामापर्यंत सगळे दोरात बांधून नेणारे लोक आहेत का? की हे आमचं आम्हीच शिकून करायचं? आणि आम्हीच करायचं असेल, तर इथे सह्याद्रीत कितपत सराव होऊ शकतो?

बाकीच्या शंका :

जून की सप्टेंबर? जूनमध्ये बर्फ भरपूर, भेगा झाकलेल्या. सप्टेंबरात भेगा उघड्या दिसतात पण वळसे वाढतात, असं ऐकलं. शिवाय उशीर केला तर ऑक्टोबरच्या वादळांची भीती. २०२१ च्या ऑक्टोबरात लमखागा खिंडीच्या वाटेवर वादळात ट्रेकर गेले ते वाचल्यापासून आमच्या आईला सप्टेंबरचं नावही नको आहे. पण जून तरी सुरक्षित कुठे? २०२४ च्या जूनमध्येच सहस्रतालला वादळात अडकून नऊ जण गेले, आणि तिथे तर हिमनदीचा प्रश्नच नव्हता.

दुसरं, भावाचा मित्र ऑडेन्स कॉल या दुसऱ्याच खिंडीसाठी हटून बसला आहे. म्हणतो, ती ५,५०० च्या आत आहे, उंची कमी, इनर लाइन परमिटची (सीमाभागात जायच्या सरकारी परवान्याची) भानगड नाही, आणि मयाली पास करून थेट केदारनाथला उतरता येतं. उंची कमी म्हणजे सोपं, हे मला पटत नाही, पण मुद्देसूद उत्तर माझ्याकडे नाही.

तिसरं, काका. रक्तदाबाची गोळी रोज घेतात, स्ट्रेस टेस्ट चांगली आली आहे, चालण्यात आम्हाला मागे टाकतात. त्यांना ‘तुम्ही येऊ नका’ म्हणायची माझी हिंमत नाही, इच्छाही नाही. पण वाटेतल्या वासुकी ताल या तळ्याच्या पुढे कुणाला त्रास झाला तर खाली न्यायचं म्हणजे कुठे?

रागावलात तरी चालेल, पण खरं लिहा.

प्रतिसाद

ताई, धागा वाचून बरं वाटलं. बहुतेक जण स्लीपिंग बॅग कितीची घ्यावी इथून सुरुवात करतात.

मी कालिंदी एकदाच केली आहे, जूनमध्ये, आणि त्याआधी एकदा कालिंदी बेसवरून (खिंडीखालच्या कॅम्पवरून) परत फिरलो आहे. त्यामुळे दोन्ही सांगू शकतो.

मुख्य प्रश्नाचं उत्तर : बांधून नेणारे लोक आहेत, पण ते तुम्हाला मागावं लागतं, आणि लेखी मागा. किती दोर, किती प्रशिक्षित गाईड, एका दोरावर किती माणसं, आणि पोर्टर दोरात असणार की नाही. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. आपल्याला हार्नेस आणि पंचवीस किलो पाठीवर घेतलेला मुलगा मोकळा, हे मी पाहिलं आहे. त्यांचे बूट, काळे चष्मे, विमा हेसुद्धा विचारा. पोर्टरला हिमांधता आली तर तुमचा तंबू पुढे जात नाही, हे झालं व्यवहाराचं, पण त्याआधी तो कुणाचा तरी मुलगा आहे.

आता तुमचं तुम्ही काय शिकायचं. चौघांचा एक दोर, मधलं अंतर दहा-बारा मीटर, दोर बर्फाला जेमतेम टेकेल इतका ताठ. हातात वेटोळी धरून चालायचं नाही. जितका दोर ढिला तितका माणूस खोल जातो आणि तितका मोठा झटका मागच्याला बसतो. एक जण पडला की बाकीचे तिथल्या तिथे खाली पडून आइस ॲक्स रोवतात. मग एक जण अँकर करतो (बर्फात दोरासाठी पक्का आधार रोवतो), भार अँकरवर देतो, आणि त्यानंतरच कडेला जाऊन पडलेल्याची विचारपूस. कडेखाली सॅक किंवा ॲक्सचा दांडा सरकवायचा, नाहीतर दोर बर्फात करवतीसारखा रुततो. शेवटी पुली लावून तीनास एक पद्धतीने ओढायचं. कागदावर तिघांचं बळ मिळतं, प्रत्यक्षात घर्षणात बरंच जातं.

यातला पुलीचा आणि प्रुसिकचा (भार आला की दोरावर आवळणाऱ्या गाठीचा) भाग सह्याद्रीत शंभर टक्के होतो. झाडाला दोर टांगा, सॅक घालून दोन प्रुसिकवर वर चढा. मग हातमोजे घालून तेच करा. मग काकांना खाली लटकवून तुम्ही तिघांनी वर ओढा, घड्याळ लावून. पहिल्या दिवशी तास लागेल. नवव्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं. सेल्फ अरेस्ट (घसरताना ॲक्स रोवून स्वतःला थांबवणं) मात्र बर्फाशिवाय येत नाही, तिथे दुसरा मार्ग नाही. भावाने आणि त्याच्या मित्राने वयाची अट बघून उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करावा. २८ दिवसांची रजा मिळणं कठीण असतं, मला माहीत आहे. पण दोघांपैकी एकाने तरी करा.

ऑडेन्स कॉलबद्दल तुमची शंका योग्य आहे. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन ऑडेन यांनी १९३९ मध्ये ती ओलांडली, त्यांचंच नाव तिला आहे. रुद्रगैरा बाजूची चढाई एक वेळ जमेल. पलीकडे खतलिंग बामकवर उतरणारा उतार फार तीव्र आहे, तिथे फिक्स रोप (उतारावर पक्का बांधून ठेवलेला दोर) लागतोच, आणि खाली खतलिंग स्वतः भेगांनी चिरलेली आहे. म्हणजे सगळ्यात अवघड काम खिंडीनंतर, थकलेल्या पायांनी. कालिंदीची उंची जास्त पण घडण सौम्य. तुमच्या अनुभवाच्या माणसांनी आधी कालिंदी करावी.

आणि काकांचं. तुम्ही विचारलंत तोच या वाटेचा खरा पेच आहे. कालिंदी बेस साडेपाच हजारांच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. तिथे कुणाला फुप्फुसात पाणी झालं तर मागे वासुकी ताल ४,९०० वर, म्हणजे उतरूनही तुम्ही उंचच. त्याखालच्या नंदनवन कॅम्पपर्यंत सगळं दगडगोट्यांचं मोरेन, स्ट्रेचर चालवणं महाकठीण. त्यामुळे निर्णय बेसवर घ्यायचा नसतो, वासुकी तालला घ्यायचा असतो. तिथे दोन रात्री थांबा. दुसऱ्या सकाळी ज्याचं डोकं दुखतंय किंवा बसल्या जागी धाप लागते आहे, तो परत, गाईडसोबत. यात वय, नातं, भरलेले पैसे काही बघायचं नाही.

प्रतिसाद

मी डॉक्टर आहे, गिर्यारोहक नाही, पण उंचावर दोन-तीन मोहिमांसोबत गेले आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती, हा नियम तुमच्या कार्यक्रमाला लावून बघा. गंगोत्री ३,१०० आणि भोजबासा ३,८००, म्हणजे पहिल्याच दिवशी नियम मोडतो. म्हणून गंगोत्रीत दोन रात्री आणि भोजबासालाही दोन. तपोवनही ४,४५० च्या आसपास आहे, तिथेही एक जादा.

काकांची रक्तदाबाची गोळी कोणती ते महत्त्वाचं. काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, आणि उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्सही तेच करतं. दोन्ही एकत्र घ्यायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. सल्फाची ॲलर्जी आहे का हेही विचारा. डेक्सामेथासोन (मेंदूच्या सुजेवर) आणि निफेडिपिन (फुप्फुसातल्या पाण्यावर) पेटीत ठेवा, पण कधी द्यायचं ते चौघांनाही पाठ हवं, एकट्या गाईडला नाही. आणि ही औषधं घेऊन वर चढायचं नसतं, ती उतरायला वेळ मिळावा म्हणून असतात.

प्रतिसाद

थोडं कागदपत्रांचं. कालिंदीसाठी गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाची वनखात्याची परवानगी वेगळी आणि इनर लाइन परमिट वेगळं, दोन्ही उत्तरकाशीहून. गोमुखाच्या बाजूला दिवसाला १५० लोकांचीच मर्यादा आहे, त्यामुळे तारखा आधी पक्क्या करा. पलीकडे घस्तोलीला आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस दल) कागद बघते, मूळ ओळखपत्र वरच्या खिशात असू द्या.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. एजन्सीकडे परवान्याचा फोन आहे का ते विचारा, आणि असेल तर परवाना डोळ्यांनी बघा. रस्त्यासाठी दोन दिवस हातचे ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये धरालीला पूर आला तेव्हा गंगोत्रीचा रस्ताच तुटला होता.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चौघं बसून हे सगळं मोठ्याने वाचलं.

काकांची गोळी लघवी वाढवणारीच निघाली. त्यांनी आज डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ‘वासुकी तालला मला परत फिर म्हणालात तर मी फिरेन, पण तुम्हालाही तोच नियम,’ असं ते म्हणाले, आणि ते आम्ही चौघांनी लिहून सह्या केल्या. जून पक्का : भेगा झाकलेल्या असतील हे धरूनच, म्हणजे रात्री दोन-अडीचला बेसवरून निघून ऊन चढायच्या आत हिमनदीवरून उतरणं आलं. दहा वाजता कुठेही असलो तरी कुणी दोर सोडायचा नाही. ऑडेन्स कॉलचा विषय भावाच्या मित्रानेच मागे घेतला, आणि बेसिकला अर्ज तोच करतो आहे. भावाला रजा नाही.

तिन्ही एजन्सींना लेखी प्रश्न पाठवले. पोर्टर दोरात असणार का, याला एकीकडून स्पष्ट ‘नाही, वेळ जातो’ आलं. ते नाव आम्ही खोडलं. दुसरीकडून अजून उत्तर नाही. तिसऱ्यांनी उलट आम्हालाच विचारलं की तुमच्यापैकी कितीजणांना प्रुसिकवर चढता येतं. त्यांच्याशी रविवारी बोलणार आहे.

शनिवारी पहाटे दोर, पुल्या, हातमोजे घेऊन निघतोय, काकांना लटकवायला. एक राहिलं : चौघांच्या दोरावर पुढे सगळ्यात हलका माणूस ठेवावा की सगळ्यात अनुभवी? आमच्यात हलकी मी आहे आणि अनुभवी काका. पुढचा गेला तर ओढायला उरलेले तिघं, हे धरून सांगा.