मदत हवी आहे: कोंबड्यांना नुसती सर्दी आहे की मानमोडी (राणीखेत रोग)?

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात मळ्यात राहते. इथली थंडी ठाऊक असेलच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दरवर्षी पेपरात झळकतो. सध्या पहाटे सहा-सात अंश. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवताहेत.

परसात डझनभर गावरान कोंबड्या नि एक कोंबडा आहे. त्यात नुकत्याच आठवडे बाजारातून दोन तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या) आणल्या. त्यातल्या एकीचा डावा डोळा सुजून मिटलाय. डोळ्याखालचा भाग बोराएवढा फुगलाय, नाकातून चिकट पाणी येतं, त्यावर कोंडा बसून खपली धरते. खपली ओल्या फडक्याने काढली तर असा घाण वास आला की जेवण नको झालं. आता जुन्यांतल्या तिघी शिंकताहेत. रात्री खुराड्याला कान लावला की घरघर ऐकू येते. शिट पातळ आहे पण हिरवी नाही, मान कुणाची वाकडी झालेली नाही. अंडी जवळजवळ बंद.

खुराडं पत्र्याचं आहे. वारं लागू नये म्हणून सासऱ्यांनी चारी बाजूंनी ताडपत्री ओढून घेतलीय. सासूबाई आलं-लसूण-हळदीच्या गोळ्या भरवताहेत. दुकानदाराने कसलीशी पिवळी पावडर दिलीय, "पाण्यात टाका" एवढंच म्हणाला. शेजारी म्हणतात, मर लागायच्या आत बाजार दाखवा.

मानमोडी तर नसेल ना? औषध चालू असताना अंडी मुलांना द्यावीत का? आणि बल्ब लावू का?

---

प्रतिसाद

ताई, पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालोय. कोंबडी न बघता छातीठोकपणे सांगता येत नाही, पण एका बाजूची सूज आणि नाकाचा तो वास म्हटलं की आधी कोरायझा आठवतो. जिवाणूंचा आजार आहे, एकाच भांड्यातल्या पाण्यातून दोन-तीन दिवसांत पसरतो. मानमोडीत हिरवी हगवण, मान पिळवटणं, पाय-पंख लुळे पडणं आणि पटापट मरणं दिसतं. सुरुवातीला तीही शिंकांनीच येऊ शकते, म्हणून दवाखान्यात दाखवाच. 1962 ला फोन लावा, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो.

आजच करायचं ते असं: शिंकणाऱ्या सगळ्या वेगळ्या डालग्यात, त्यांचं पाण्याचं भांडं वेगळं. आधी धडधाकट कोंबड्यांचं सगळं उरकायचं, आजाऱ्यांकडे शेवटी जायचं.

दुसरं, सकाळी दार उघडल्याबरोबर खाली बसून तोंड कोंबडीच्या उंचीवर न्या. डोळ्यांना झोंबलं तर तो अमोनिया. माणूस उभा असतो, त्याला पत्ता लागत नाही. त्याने श्वासनलिका सोलवटते आणि साधी सर्दीही छातीत उतरते. मोठ्या कोंबडीला पिसं फुगवून सात अंश सहज झेपतात, ओल आणि कोंदटपणा झेपत नाही. ताडपत्री खाली ठेवा, वर छपराखाली वीतभर फट मोकळी सोडा. खालचं भूस मुठीत दाबून बघा, गोळा तसाच राहिला तर बदला.

पिवळ्या पावडरीचं नाव डॉक्टरांना सांगा, तोवर देऊ नका. मापाशिवाय अँटिबायोटिक देण्यापेक्षा न दिलेलं बरं. औषध चालू असताना आणि ते संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. आल्या-लसणाने बिघडत काही नाही, पण कोरायझा हटायचा नाही.

---

प्रतिसाद

आम्ही सिन्नरला रात्री खुराड्यात कोळशाची शेगडी ठेवतो. मस्त ऊब राहते.

---

प्रतिसाद

वरच्या दादांनो, बंद खुराड्यात कोळसा? सकाळी सगळ्याच आडव्या सापडतील. शिवाय खाली भूस, वर ताडपत्री, एक ठिणगी पुरे. बसायला चपटी फळी द्या, पोटाच्या पिसांत पाय झाकले जातात. संध्याकाळी मका टाका.

अंडी बंद व्हायला आजार हे कारण आहेच, पण डिसेंबरात दिवसही अकरा तासांचा. अंड्यावर टिकायला चौदाएक तास उजेड लागतो. तेव्हा बल्ब लावायचाच तर उजेडासाठी, आणि तोही बऱ्या झाल्यावर. आजारी कोंबडीकडून अंडी कसली काढताय!

आणि बाजाराचं बोलणाऱ्या शेजाऱ्यांना हात जोडा. तुमच्याकडे हे दुखणं असंच कुणीतरी बाजार दाखवून धाडलंय. उद्या एकदम चार-पाच मेल्या, तुरे निळे पडले, तर उकिरड्यावर न टाकता दवाखान्याला कळवा. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, विसरलात का?

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. खाली बसून बघितलं, डोळ्यांतून पाणी आलं. ताडपत्री वरून सोडवली, सासरे कुरकुरले. डॉक्टर येऊन गेले, कोरायझाच म्हणाले. पाण्यातून द्यायचं औषध मापासकट लिहून दिलंय, अंडी खड्ड्यात पुरतेय. मानमोडीची लस मात्र या बऱ्या झाल्यावरच म्हणतात. लसीची कुपी शंभरेक कोंबड्यांची येते आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून वस्तीवरच्या सगळ्यांच्या कोंबड्या एका दिवशी गोळा करायच्या ठरवतेय.

एक शंका उरली. बऱ्या झालेल्या कोंबडीच्या अंगात रोग राहतो म्हणे. मग त्या तलंगा कायमच्या वेगळ्या ठेवू?

---

प्रतिसाद (पर्यवेक्षक)

राहतो. पण आता तुमच्या जुन्याही त्यात आल्या, त्यामुळे दोघींना वेगळं काढून उपयोग नाही. हा सगळा कळप एकच समजा. यातली कोंबडी कुणाला पाळायला देऊ नका आणि पुढची पिल्लं दुसऱ्या खुराड्यात वाढवा.